आठ दिवसांचा विद्यार्थी

आमच्या मामासासऱ्यांइतका ढ विद्यार्थी अख्ख्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल, आणि हे मी कौतुकानं सांगतेय. फौजेतून हवालदार होऊन परतलेला हा मिशाळ माणूस उंब्रजमध्ये शाळेत मागं पडलेल्या पोरांना एकेकटं शिकवायचा, पण पहिले आठ दिवस शिकवायचाच नाही. त्या आठ दिवसांत पोरानं त्यांना शिकवायचं, जे येत असेल ते. "मला येत न्हाई गं, दाव की," म्हणून मामा मांडी घालून बसत आणि नवव्या दिवशी मास्तर होत. बांगडीवाल्या मणेरांची पोर गणितात कायम नापास. तिच्याकडून ते बांगड्या भरायला शिकले, तेही स्वतःच्या जाडजूड मनगटावर. फुटलेल्या बांगड्या मोजून मोजून ती पोर कावली आणि नवव्या दिवशी त्याच मोजणीतनं त्यांनी तिला पाढे शिकवले. फौजी माणसानं बांगड्या भरल्या म्हणून पारावर हसले सगळे, तर हात वर करून म्हणाले, "भरल्यात की. लय अवघड काम हाय." म्हाताऱ्यानं शिंगं मोडून वासरांत शिरावं तरी किती, असं गाव म्हणायचं. गावाचं कशाला, मीही म्हणायचे.

मग माझ्या लेकीची, राणूची पाळी आली. तिसरीत गेली तरी तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, यंदा वाचायला लागली नाही तर हिच्यासाठी दुसरी शाळा बघा. आणि मामा काय करत होते? भर रस्त्यात धोतराचा सोगा खोचून, आखलेल्या घरांतून एका पायावर उड्या मारत, राणूकडून जिबली शिकत होते. खापरी नेमकी रेघेवर टाकायचे, तिसऱ्या घरात धपकन दोन्ही पाय टेकायचे आणि ती एवढीशी पोर कमरेवर हात ठेवून ओरडायची, "आबा, तसं न्हाई!" शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मामांना सरळ म्हटलं, पोरीचं वर्ष चाललंय आणि तुम्ही उड्या कसल्या मारताय? ते धापा टाकत म्हणाले, "सूनबाई, तिला काय येत न्हाई ते साऱ्या गावाला ठाव हाय. काय येतं ते कुणी इचारलंय का?"

मला त्या प्रश्नाचाच राग आला. तो सातवा दिवस होता. आठव्या दिवशी सकाळी राणूचा हात धरून मी सांगलीची एसटी पकडली.

तिथं एक मोठं नाव झालेला क्लास होता. प्रत्येक मुलाला त्याच्या कलानं शिकवणार, प्रत्येकाचा स्वतंत्र आराखडा. आम्ही दोघींनी तिथं जवळच माधवनगरात खोली घेतली. राणूच्या नावाची रंगीत फाईल हातात पडली तेव्हा मी पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. महिन्याभरानं फाईल नीट वाचली, तर चौथ्या पानापासून पुढं कुणा ओंकारचं नाव होतं. ते पुसायलाही कुणाला सवड झाली नव्हती. विचारायला गेले, तर क्लासवाले म्हणाले, मजकूर सगळ्यांचा एकच असतो ताई, नावं बदलतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात म्हणतात, ती बाई मी. वर्षाची फी भरून बसले होते, म्हणून तिथंच राहिले. वर्षभरात राणू अक्षर शिकली नाहीच, बोलायचीही थांबली.

परवा आम्ही उंब्रजला परतलो. मामींनी दारातच मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांना आता काय आठवत न्हाई, सकाळी मलाच 'तुमी कोण' म्हणून इचारलं." मी राणूला सांगायला वळले, तोवर तिनं खडूनं अंगणात घरं आखलीही होती. वर्षभर मुकी झालेली माझी पोर म्हणाली, "आबा, एकच दिस राहिलाय."

ओट्यावर बसलेल्या मामांना हाताला धरून तिनं उभं केलं. ते दोन्ही पाय रेघेवर ठेवून उभे राहिले आणि हातातल्या खापरीकडं बघत राहिले. "मला येत न्हाई गं," ते म्हणाले. तेच वाक्य, तोच आवाज. राणू खुदकन हसली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, तसं न्हाई," आणि एका पायावर उडी मारून दाखवली. एकदा नाही, संध्याकाळपर्यंत.

झोपताना तिनं पाटी स्वच्छ पुसून उशाशी ठेवली. उद्या नववा दिवस, आबांची पाळी, म्हणाली. मी 'हो' म्हटलं आणि तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.