पहिले पोट, मग कान

“पहिले पोट, मग कान, मग चिखल,” असं म्हणत ती आमच्या रोवणारणींच्या टोळीतल्या एकेकीसमोर उभी राहायची. जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या कानांवरून घ्यायची आणि हनुवटीखाली अशी गाठ आवळायची की बोलणंही जड जावं.

उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन थंडीत येते. सकाळी उघड्या गाडीतून गारठा खात आसगावकडच्या बांध्यांवर, धानाच्या खाचरांत, जायचं आणि पोटरीएवढ्या चिखलात दिवसभर वाकायचं. दुपारपर्यंत कोणाचं तरी डोकं उठायचंच. कपाळाला फडकं आवळून रोवणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. तिला तरणेपणापासून अर्धशिशी होती, म्हणून दुसरीचं दुखणं तिला आधीच दिसायचं.

नुसत्या चहावर निघालेलीला ती गाडीत चढू द्यायची नाही. “बासी भात तं खाय वं! रिकाम्या पोटी वाकशील तं डोक्यात घन पडन.”

तिची खरी लढाई पाण्याची होती. थंडीत तहान कळत नाही. कळली तरी बाया पीत नाहीत, कारण मग आडोशाला जावं लागतं. सपाट बांध्यांत आडोसा कुठला? ती कोमट पाण्याची कॅन पोत्यात गुंडाळून आणायची. “पी वो. मी लुगडं धरतो, कोन पाह्यते तुले!” आणि खरंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लुगडं ताणून उभी राहायची. मला तर न विचारताच घेऊन जायची. मी तोंडाने कधी म्हटलं नसतं. त्या दोन हिवाळ्यांत माझं डोकं एकदाही दुखलं नाही.

टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला हे खुपायचं. “बाया रोवाले येतात का मुताले?” तो सगळ्यांदेखत ओरडायचा. आम्ही माना खाली घालायचो. ती म्हणायची, “तुह्या मायले इचार.”

एका सकाळी नहराच्या, कालव्याच्या पुलावर त्याने गाडी थांबवली. “तू उतर. तुह्यानं बाकीच्या बिघडून राहिल्या.”

ती आमच्याकडे वळली. “सांगा वं बायांनो, कोनाचं काम कमी पडलं?”

आम्ही अकरा जणी होतो. एकीच्याही तोंडून शब्द निघाला नाही. ती उतरली. कॅन गाडीतच राहिली. त्या कोमट पाण्याने ठेकेदाराने हातपाय धुतले. दुपारी मी धुऱ्यावर ओकले, डावा डोळा फुटतो की काय असं झालं. तो म्हणाला, “घरूनच बिमार येते.”

त्याचा राग मला भांडी घासतानाही येतो. पण तो तोंड उघडून वाईट वागला. आम्ही तोंड मिटून वागलो. कान बांधलेले होते, ऐकू आलं नाही म्हणावं, तर पट्टी एवढी जाड नव्हती.

त्यानंतर ती कोणत्याच टोळीत दिसली नाही. लेकीकडे बपेऱ्याला गेली. या हिवाळ्यात लेक तिच्या इथल्या बंद घरातली उरलीसुरली भांडी न्यायला आली, तेव्हा मी त्या अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिले.

“मावशी, मायनं इचारलं हाय, कोनाचं डोकं दुखते का अजून?”

माझ्या कपाळावर सुंठेचा लेप होता. “नाई वं,” मी म्हणाले, “सगळ्या बऱ्या आहो.”

लेक लेपाकडे बघत राहिली. मग भांड्यांचं पोतं उचलून निघाली. दार तिने नुसतं ओढून घेतलं. कुलूप लावावं असं आत काही राहिलं नव्हतं.