दोन पत्र्यांमधली जागा

समोर सुनंदाच्या नव्या शेडचं छप्पर चढत होतं, ते मी माझ्या शिवणकामाच्या शेडच्या दारातून रोज बघत असे. धंदा आम्ही दोघींनी एकत्र सुरू केला होता, मग वेगळ्या झालो. आधी खालचा पत्रा बसला. त्यावर छोटे लोखंडी पाय, पायांवर आडव्या पट्ट्या, मधे पिवळ्या लोकरीसारखा थर आणि सगळ्यात वर दुसरा पत्रा. एका छपराला दोन पत्रे कशाला, असं मी माझ्या बायकांना म्हणालेही.

काल भर दुपारी सुनंदाने मला आत बोलावलं. आत चक्क गारवा होता. माझ्याकडे घामाने कापड हातातून निसटतं, आणि इथे बायका गप्पा मारत शिवत होत्या.

"वरच्या पत्र्याचा भार त्या पायांवर आहे," सुनंदा म्हणाली. "मधला थर दबला तर उपयोग नाही. तेवढी जागा सोडावी लागते."

आम्हा दोघींना नेमकं तेच जमलं नव्हतं. एकमेकींना इतक्या खेटून होतो की एकीचा ताप दुसरीला लागायचाच. हेव्याला फार मोठं कारण लागत नाही. दुसरीच्या कपाळावर घाम नाही, एवढंही पुरतं.

"उन्हाळाभर तुझ्या मशिनी इकडे आण," ती म्हणाली.

"आम्हाला सवय आहे गं," म्हणत मी रस्ता ओलांडला.

"कसं आहे तिकडे?" माझ्या बायकांनी विचारलं.

"आहे आपलं इथल्यासारखंच," मी म्हणाले, आणि माझ्या टेबलावरचा पंखा त्यांच्याकडे वळवला.