पडद्यावरच्या लाल ओळी

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझी बायको सुनंदा जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या एका गेमच्या मागे लागली. त्याचा कोड कुणालाही उघडून बदलता येतो, आणि तिला गेम मराठीत आणायचा होता. पण आधी तो आमच्या कॉम्प्युटरवर चालायला हवा. तीन दिवस पडद्यावर नुसत्या चुका दाखवणाऱ्या लाल ओळी येत राहिल्या.

“सोड आता,” मी म्हणालो.

“अहो, कॉम्प्युटर रागावत नाहीये. कुठं अडलंय ते सांगतोय.”

माणसं इतकं नेमकं कुठं सांगतात, असं मला वाटून गेलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं जावाची जुनी आवृत्ती काढून नवी टाकली आणि गेम उघडला. मग तिनं कोडमधलं ‘स्टार्ट’ पुसून ‘चला’ लिहिलं. गेम पुन्हा सुरू केल्यावर बटणावर मराठी अक्षरं उमटली. सुनंदा ताठ बसली.

“या,” ती म्हणाली, “पहिल्यांदा तुम्ही दाबा.”