साहेबांसाठी उपसलेले तळे

आमच्या जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या तळ्यांच्या खुशालीची खबर ठेवणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात. किल्ल्यांवरची टाकी, देवळांपुढची तळी, डोंगरांच्या पायथ्याची धरणे, गुरांच्या पाण्याची डबकी, यांपैकी कोणात यंदा किती पाणी आहे, कोणाच्या बांधाला भेग पडली आहे, कोणात जलपर्णी शिरली आहे, हे मामांना चुलत-मावस नातेवाइकांच्या दुखण्याखुपण्यापेक्षा जास्त ठाऊक असायचे. एकदा त्यांचा सख्खा भाऊ मुंबईत इस्पितळात होता. त्याला पाहायला मामा रेवसच्या लाँचसाठी निघाले, वाटेत एका तळ्याच्या बांधाची बाहेरची बाजू ओली दिसली म्हणून तिथेच एसटीतून उतरले, बांधाच्या मालकाला शोधून त्याला चार शब्द सुनावले आणि लाँच चुकली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात पोहोचल्यावर त्यांनी भावाला प्रकृती विचारण्याआधी बांधाची हकीकत सांगितली. भाऊ बरा होऊन घरी आला. आत्या सांगते की आल्या-आल्या त्याने पहिला प्रश्न विचारला तो बांध राहिला की फुटला हाच.

मामांची उभी नोकरी डोंगरातल्या एका लहान धरणावर गेली. काम एकच होते. रोज सकाळी पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तुम्हाला हे काम सोपे वाटेल. मामांना ते देवपूजेइतके अवघड वाटे, कारण त्यांचा नियम होता की डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे. एका पावसाळ्यात तीन दिवस धुके हटले नाही. मामांनी वहीत तीन दिवस एकच वाक्य लिहिले, ‘धुक्यामुळे पट्टी दिसली नाही.’ वरचे साहेब चिडले. आदल्या दिवशीचा आकडा माहीत आहे, पाऊस माहीत आहे, अंदाजाने लिहायला काय जाते, असे त्यांचे म्हणणे. मामा म्हणाले, “अंदाज तुम्ही लिवा साहेब, मी पट्टी वाचतो.” त्या तीन दिवसांची आकड्याची जागा त्या वहीत अजून कोरी आहे. साहेब बदलून गेल्यानंतरही मामांना त्या जागेचा अभिमान होता.

माणसांची ओळख करून घेण्याची त्यांची रीतही पाण्यावरूनच होती. कोणी भेटले की गाव, आडनाव, नोकरी यांच्या आधी प्रश्न येई, “पाणी कुठलं पिता?” आत्याच्या मुलीला बघायला नवी मुंबईहून मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मामांनी मुलाच्या वडिलांना पाणी विचारले. ते म्हणाले, “नळाचं.” मामा म्हणाले, “नळ व्हय, पण नळाच्या मागं काय हाय?” पाहुण्यांना सांगता येईना. मग मामांनी त्यांना धरणाचे नाव, ते कोणत्या डोंगरांच्या मध्ये आहे, त्याखाली कोणती गावे गेली आणि ती उठून कुठे बसली, हे सगळे सांगितले. पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाली, “आता कशाला येतायत ते परत.” ते परत आले. मुलगा म्हणाला की आपण काय पितो हे घरात आजवर कोणी सांगितले नव्हते. तोच आज मामांचा जावई आहे आणि सासरी आला की अंघोळीआधी विहिरीत डोकावतो.

निवृत्तीनंतर मामांनी एक बांबू करून घेतला. त्यावर लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि तो घेऊन ते एसटीने तळी बघायला जाऊ लागले. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, लोक तीर्थाला जातात तसे. बांबू गाडीत आडवा मावत नसे आणि उभा धरला तर टपाला लागे. मुरुडच्या गाडीतला एक कंडक्टर त्यांना ओळखू लागला होता. तो म्हणे, “मामा, काठीचं अर्धं तिकीट फाडू का?” मामा शांतपणे म्हणत, “फाड. पण मग तिला खिडकी दे.”

गावातल्या मुलांना ते शाळेच्या पुस्तकात नसलेली वर्गवारी शिकवत. किल्ल्यावरचे टाके दगडातले, ते राजाने खोदले, कारण वेढा पडला की अन्नाआधी पाणी संपते. धरण सरकारचे, दोन डोंगरांच्या मधली वाट अडवून केलेले, त्याला दारे असतात आणि दारांच्या चाव्या असतात. तळे मात्र गावाचे. त्याला चावी नसते. डोंगरावर पडलेला पाऊस उतरून येतो, तळ्यात थांबतो, तिथून जमिनीत मुरतो आणि खालच्या विहिरींना मिळतो. मामा म्हणत, “विहीर म्हंजे काय, तर तळ्याचं दुसरं तोंड.” आमच्या भागात पाऊस धो धो पडतो आणि दिवाळीनंतर ओढे कोरडे होतात. सगळे पाणी धावत समुद्राला जाते. ते थोडा वेळ थांबवणे एवढेच तळ्याचे काम आहे आणि ते काम दुसरे कोणी करत नाही.

मामांच्या गावाचे तळे मांडव्याहून आत, एका टेकडीच्या पायथ्याशी होते. मोठे नव्हते. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या होत्या, त्या कोणी बांधल्या हे कोणाला सांगता येत नसे. दर तीन वर्षांनी वैशाखात गाव ते उपसत असे. बांधाखालची मोरी उघडायची, उरलेले पाणी खालच्या भाजीच्या वाफ्यांत सोडायचे, मासे सगळ्या घरांत सारखे वाटायचे आणि मग प्रत्येक घरातून एक-एक माणूस पाट्या घेऊन गाळ काढायला उतरायचा. गाळ ज्याच्या त्याच्या भाताच्या खाचरात जाई. शेवटच्या दिवशी तळ स्वच्छ दिसू लागला की सगळे गाव पायऱ्यांवर बसून गूळ-खोबरे खाई. मामांच्या मते वर्षातल्या कोणत्याही सणापेक्षा तो दिवस मोठा होता.

या तळ्याची जमीन कागदावर तळे म्हणून नव्हती. ती पूर्वीपासून काही कुटुंबांच्या सामायिक नावावर होती आणि त्या कुटुंबांतले बरेच जण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत होते. मुंबईहून मांडव्याला बोटी वाढल्या तसे बंगल्यांसाठी जमीन शोधणारेही वाढले. एके दिवशी कळले की तळ्यासकट टेकडीचा पायथा विकला गेला आहे आणि तिथे बंगल्यांचे प्लॉट पडणार आहेत. गावाने हरकत घेतली. अर्जावर पहिली सही मामांची. तालुक्याहून उत्तर आले की जागेवर खरोखर तळे आहे की नाही याची पाहणी करायला साहेब येतील. तारीखही कळवली. ती वैशाखातली होती.

यापुढे जे झाले ते फक्त त्या गावातच होऊ शकते असे मला वाटते. उपसण्याची पाळी खरे तर पुढच्या वर्षीची होती. मामा म्हणाले, यंदाच उपसू. सरपंचबाईंना ते पटले नाही. त्या म्हणाल्या, “मामा, हाय ते भरलेलंच दाखवूया की.” मामांनी विचारले, “भरल्या पाण्यात खोली कळते काय? पाणी तर बादलीत बी असतं. त्यांना तळ दाखवा. पायऱ्या दाखवा. आपल्या आज्या-पणज्यानं किती खोल खणलंय ते बघू दे. घरी पाव्हणा यायचा म्हंजे घर झाडून ठेवतो का न्हाय?” बायकांना हे पटले. पुरुषांना मासे आठवले. गावाने आठवडाभर राबून तळे उपसले. मोरी उघडली, गाळ काढला, त्याचे ढीग काठावर लावले, पायऱ्यांच्या फटींतले गवत खरडले. ज्या दिवशी साहेब यायचे त्या सकाळी कोणीतरी खालच्या पायरीवर रांगोळीही काढली. मी वर्तमानपत्राचा बातमीदार, बातमीसाठी तिथे होतो. इतके देखणे रिकामे तळे मी पाहिलेले नाही.

साहेब गाडीतून उतरले. काठावर आले. खाली पाहिले, मग लोकांकडे पाहिले.

“तळं कुठंय?”

“ह्येच की,” मामा म्हणाले.

“पाणी?”

“काढलं साहेब. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“तळ दिसावा म्हणून.”

साहेब वाईट नव्हते. त्यांनी शहाळे घेतले, पायऱ्या चांगल्या आहेत असे म्हणाले, मोबाइलवर फोटो काढले आणि झाडाखाली बसून पंचनामा लिहिला. जागेवर पाण्याचा साठा आढळला नाही. ताजे खोदकाम दिसून आले. काठावर मातीचे ढीग आहेत. मग पंच म्हणून त्यांनी मामांपुढे कागद ठेवला, कारण अर्ज त्यांचाच होता.

सरपंचबाई मामांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “सही करू नका.” मामांनी कागद दोनदा वाचला. ते साहेबांना म्हणाले, “आषाढात काठोकाठ भरतं. तेवढं लिवा.”

“मामा, पंचनामा आज करतोय,” साहेब म्हणाले. “आज जे दिसतं तेच लिहायचं असतं. आषाढातलं मी कसं लिहू? तुम्हीच सांगा, यात खोटं काय आहे?”

हेच वाक्य ते उभ्या नोकरीत आपल्या साहेबांना ऐकवत आले होते. त्यांनी रिकाम्या तळाकडे एकदा पाहिले, आणि त्यात खोटे काही सापडले नाही म्हणून सही केली. मीही बातमी लिहिली. पंचनाम्यात होते तेवढेच लिहिले. बातमीतही खोटे काही नव्हते.

हरकत फेटाळली गेली. गावाने वर दाद मागितली, पण पहिल्याच कागदावर हरकत घेणाऱ्याचीच सही होती आणि त्यापुढे कोणाचे काही चालले नाही. पावसाच्या आधीच यंत्रे आली. त्यांनी टेकडीचा एक कान कापला आणि तोच मुरूम डंपरने आणून तळ्यात ओतला. एका डोंगराकडून त्याचे तळे त्यालाच बुजवायला लावले, हे मला नंतर सुचलेले वाक्य आहे. मामा पहिल्या दिवशी जाऊन उभे राहिले. सर्वांत खालची पायरी दिसेनाशी झाल्यावर घरी आले आणि पुन्हा त्या बाजूला गेले नाहीत. आता तिथे भिंत आहे, फाटक आहे आणि आत हिरवळ आहे. पुढच्या चैत्रात खालच्या विहिरी तळाला गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी माघातच गेल्या. गावात टँकर येऊ लागला.

गावाने मामांना एक शब्द ऐकवला नाही. वाईट झाले ते हेच. कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी भांडण तरी केले असते. उलट टँकर आला की सरपंचबाई पहिला हंडा त्यांच्या दारात पाठवत आणि मामा आत जाऊन बसत. आत्या एकदाच बोलली. भाकऱ्या थापता-थापता, त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, “जन्मात एकदा खोटं लिवलं असतं तर काय हात झडला असता?” मामा म्हणाले, “झडला असता तर बरं झालं असतं.” त्यानंतर त्या घरात या विषयावर बोलणे झालेले नाही. इतर तळ्यांना भेटायला जाणेही थांबले. कुठल्या धरणाचे दार उघडले अशी बातमी लागली की ते उठून अंगणात जातात. मी त्यांना काय सांगावे हे मला कळत नाही. विहिरींना पाणी परत येईल असे सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

तळ्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती कुठल्याच अर्जात लिहिलेली नव्हती. गावातली सगळी पोरे त्या तळ्यात पोहायला शिकत. आता मोठ्या मुलांना पोहता येते आणि लहानांना येत नाही. मामांची नात चौथीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, “आबा, मला पोहायचंय.” तिसऱ्या दिवशी मामांनी तेलाचा रिकामा कॅन धुतला, दोरी घेतली आणि मला म्हणाले, “येतोस काय?”

आम्ही एसटीने गेलो. गाव दूरचे, डोंगराच्या कडेचे, ओळखीचे कोणी नाही. तळे भरलेले होते. पायरीवर एक म्हातारी बाई धुणे धूत होती. मामा काठावरच थांबले आणि चपला काढून म्हणाले, “बाय, आमच्या पोरीला हितं पोहायला शिकवू काय?”

“कुठचे तुम्ही?”

मामांनी गावाचे नाव सांगितले.

“येवढ्या लांबून आलाव? तुमच्या गावात तळं न्हाय?”

नात मामांकडे पाहत होती. मामांनी दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

“न्हाय,” ते म्हणाले.

बाईने धुण्याचा पिळा बाजूला सारून पायरी मोकळी केली. “मंग उतरवा की. खालच्या पायरीला शेवाळ हाय, पोरीला जपून पाय टाकाया सांगा.”

मामा कमरेइतक्या पाण्यात उतरले. नातीच्या पाठीला कॅन बांधलेला, पोटाखाली त्यांचे दोन्ही हात. ती किंचाळली, पाणी प्यायली, खोकली, रडली आणि मग हातपाय मारू लागली. मामांनी हात कधी काढून घेतले ते तिला कळले नाही. मला दिसले, त्या बाईलाही दिसले. ती धुणे थांबवून बघत होती. त्या परक्या पाण्यात पोर चार हात एकटी गेली.