वाचनालयाची खुर्ची

मंगळवार, १० जून २०२५. वाचनालयात गेले. ११.२० ला वीज गेली, ११.२७ ला आली. नीला तेव्हा संगणक बंद करून खाली कॉफीला गेली होती. तिने माझी उशी खुर्चीवरून काढून खिडकीत ठेवली आहे. जांभळं आणली, आंबट निघाली.

जयनगरातल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात ही डायरी लिहिणाऱ्या अंबुबाईंनी एकतीस वर्षं देवघेवीची वही लिहिली. फेब्रुवारीत संगणक आला आणि त्यांच्या खुर्चीत पुण्याहून आलेली नीला बसली. पुस्तकांची यादी कोपऱ्यातल्या काळ्या डब्यात असते, त्याला सर्व्हर म्हणायचं. टेबलावरचा प्रोग्राम त्याला विचारून पुस्तक देतो. नीला ते हसत हसत करायची आणि लोकही तिच्याशी बोलत रेंगाळायचे. अंबुबाईंशी एकतीस वर्षांत कोणी रेंगाळलं नव्हतं.

वाचनालय मंगळवारी आणि शुक्रवारीच उघडतं. मंगळवारी साडेअकराला कुलूप लागलं, ते शुक्रवारी उघडलं. बघतात तो प्रोग्राम म्हणे, सर्व्हर सापडत नाही. नीलानं वायरी काढून घातल्या. इंटरनेट चालू होतं, डब्याचा दिवाही लागला होता.

सेक्रेटरी शेषगिरी येऊन आपल्या कानडी हेलात म्हणाले, "स्वल्प बघा नीलाअक्का. नाही जमलं तर अंबक्का, वही काढा. तुम्हीच बसा पूर्वीसारख्या."

अंबुबाईंचा हात कपाटाच्या किल्लीकडे गेला. वही कपाटातच होती, त्यांनीच कव्हर घालून ठेवलेली.

नीलानं प्रोग्राम बसवून देणाऱ्या यशोवर्धनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मंगळवारनंतर काही बदललं? वीज वगैरे गेली होती?"

"छे, वीज कुठे गेली!" नीला म्हणाली.

"मग डबाच बिघडला असेल. बोम्मसंद्र्याला माझ्या दुकानात आणून द्या. पंधरा दिवस लागतील."

पंधरा दिवस! अंबुबाई खिडकीतल्या उशीकडे बघत राहिल्या. गप्प बसणं किती सोपं होतं.

"नक्की ना, वीज गेली नव्हती?" यशोवर्धननं पुन्हा विचारलं.

"अहो, गेली असली तरी असलं कोण लिहून ठेवतं?" नीला हसली.

तेवढं मात्र अंबुबाईंना सोसवलं नाही. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली रोज लिहायची सवय होती ती, आणि ही पोर त्यावर हसते! त्यांनी पिशवीतून डायरी काढली.

"मी ठेवते. अकरा वीसला गेली, अकरा सत्तावीसला आली. तू कॉफीला गेली होतीस."

"मग डब्याचा पत्ता बदलला असेल," यशोवर्धन म्हणाला. "वीज आल्यावर इंटरनेटचा राउटर कधीकधी डब्याला नवा नंबर देतो. आधीचा काय होता?"

अंबुबाईंनी फेब्रुवारीचं पान उघडलं. यशोवर्धननं तेव्हा मोठ्यानं वाचलेला नंबर त्यांनी लिहून घेतला होता. "शेवटी चौदा."

"आता बावीस दिसतोय," नीला डब्यावरच्या छोट्या पडद्याशी वाकून म्हणाली.

"झालं तर! प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. चौदाच्या जागी बावीस टाका. संध्याकाळी येऊन मी तो नंबर कायमचा बांधून देतो."

नीलानं बावीस टाकलं आणि यादी उघडली.

"शाब्बास नीलाअक्का!" शेषगिरी खूश झाले.

"मी नाही हो, काकूंनी केलं," नीला म्हणाली आणि अंबुबाईंसाठी स्टूल ओढलं. "बसा ना काकू, माझ्याशेजारी."

अंबुबाई स्टुलावर बसल्या नाहीत. खिडकीतली उशी पिशवीत घालून त्या घरी आल्या. डायरीत त्या दिवशी नीलाचं नाव नाही. वीज गेली नाही, अशी नोंद आहे, आणि खाली: इडलीचं पीठ वाटून ठेवलं, मीठ सकाळी घालायचं.