पाठीच्या मापाचा टॅब

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात. त्यानंतर या हातांनी हूक लावले, तुरपाई केली, फॉल लावले, पण लिहिलं असं काही नाही. लग्न होऊन भिलाईला आले तर इथे सगळ्या पाट्या हिंदीत. मराठी राहिली ती घरात आणि काकूंच्या तोंडात. हे कोणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. चुकून कोणी वाचलंच, तर माफ करा. ज्यांनी अशी एखादी टेलरबाई पाहिली असेल, ते समजून घेतील.

काकू म्हणजे आमच्या रुआबांधा सेक्टरच्या टेपवाल्या काकू. मोजायचा टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरत नसे. मंगळसूत्र पदराआड जायचं, टेप जायचा नाही. पूजेला टेप, हळदीकुंकवाला टेप. भाच्याच्या लग्नाचा फोटो आहे, त्यात नवरा-नवरीच्या गळ्यात हार आणि मध्ये उभ्या असलेल्या काकूंच्या गळ्यात टेप. काका म्हणाले होते, "अवं, आज तरी काढ." काकू म्हणाल्या, "राहू द्या ना. एवढ्या बाया आल्या, एखादीचं माप निघून जाईन."

कोणत्याही बाईला त्यांनी कधी जाड झालीस म्हटलं नाही. एखादी मागच्या वर्षीचा ब्लाउज घेऊन यायची, हूक काही केल्या लागत नाही म्हणायची. काकू कापड बोटांत चोळून बघायच्या आणि तोंड वाईट करायच्या. "भाभी, कपड़ा सिकुड़ गया. आजकल का सूत ही बेईमान है." भाभी खूश. मग पडद्यामागे माझ्याकडे बघून हळूच, "दोन इंच सूत आटलं हो वंदे, ध्यानात ठेवजो."

पडद्यामागची वंदना म्हणजे मी. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत काकूंचं दुकान होतं आणि मधल्या दारावर जुन्या साडीचा पडदा. गिऱ्हाईक आलं की मी पडद्यामागे. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नसे. काकू सगळ्यांना सांगायच्या, "माह्या दुकानात दोन पडदे आहेत. एक साडीचा आन एक वंदना."

मजुरीतले थोडे थोडे पैसे मी काकूंकडेच ठेवत होते. मला पिकोचं मशीन घ्यायचं होतं. पिकोच्या साड्या आम्हाला बाहेर पाठवाव्या लागत. स्वतःचं मशीन असलं की घरात बसून कडा शिवायच्या, कोणाशी बोलायचं काम नाही. माझं सगळं स्वप्न एवढंच होतं.

आता टॅबचं सांगते. काकूंच्या पुण्याच्या मुलाने आपला जुना छोटा टॅब आईला दिला होता. काकू त्यावर गळ्यांची डिझाइनं दाखवायच्या. टॅब वहीच्या अर्ध्या पानाएवढा, त्यात बघणाऱ्या बाया तीन. डोक्याला डोकं लागायचं, चष्मे अडकायचे. पण खरी गडबड हॉटेलवाल्या भाभींच्या वेळी झाली. त्यांनी टॅबवर एक पाठीचा गळा पसंत केला. तिथे तो दिसत होता कुंकवाच्या करंड्याएवढा. काकूंनी डिझाइनबरहुकूम शिवला, तर भाभींच्या पाठीवर खिडकी उघडल्यासारखा झाला. भाभी ऐन मे महिन्यात, भिलाईच्या उन्हाळ्यात, जावेच्या घरच्या लग्नात अंगावर शाल घेऊन बसल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, बुखार है.

काकूंना हे फार लागलं. "गळा असते केवढा आन दिसते केवढा," त्या म्हणाल्या. "पाठीएवढा टॅब पाहिजे. जसा दिसन तसाच बसन."

काका तेव्हा स्टील प्लांटमधून ड्यूटी करून आले होते, जेवत होते. ते म्हणाले, "मंग पाटाएवढाच घे ना. जेवाले बसता येईन."

दुसऱ्या दिवशी काकू मला घेऊन नेहरू नगरच्या दुकानात गेल्या. मला कशाला, ते सांगितलं नाही. दुकान चकचकीत, गार, आणि सगळीकडे आरसे. मी फ्रिजच्या रांगेमागे जाऊन उभी राहिले. काकूंनी टेप काढला आणि मांडलेले टॅब एकेक करून मोजायला लागल्या.

विकणारा भाऊ धावत आला. "आंटी, नापने की ज़रूरत नहीं. यह ग्यारह इंच है, वह तेरह इंच."

"तेरह कहाँ है?" काकूंनी टेप उभा लावला. "यह देखो, साढ़े दस भी नहीं."

"आंटी, कोने से कोने तक नापते हैं."

काकू मोठ्याने म्हणाल्या, "उरेब? उरेब में नापते हो? भाऊ, मैं भी उरेब में नापूँ तो मेरा रुमाल चादर हो जाए!" उरेब म्हणजे आम्हा शिवणाऱ्यांचं तिरकं माप.

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. भावाने पुष्कळ समजावलं, साऱ्या दुनियेत असंच मोजतात म्हणाला. काकूंना ते मुळीच पटलं नाही. त्यांचा हट्ट एकच, भाव सरळ इंचाने लावा. मग त्यांना कळलं की त्यावर लिहायचं पेनही वेगळं विकत घ्यावं लागतं. "म्हणजे मी ब्लाउज देऊ आन हूक वेगळे विकू?" हे त्या रागाच्या भरात मराठीतच बोलल्या. भाऊ बिचारा हसून "जी आंटी" म्हणाला.

मग काकूंनी हाक मारली, "वंदे! इकडे ये. सरळ उभी राय."

तेव्हा मला कळलं, मला का आणलं होतं. मी पाठ होते.

भर दुकानात त्यांनी मला पाठमोरी उभी केली आणि गळ्याचं चित्र लावलेला अकरा इंची टॅब माझ्या पाठीला टेकवला. दोन पावलं मागे गेल्या. "गळा बसते, पण खांदे कटून राहिले." मग तेरावाला टेकवला. "बसला! भाऊ, देखो, कंधे से कंधा!" एक म्हातारे गृहस्थ वॉशिंग मशीन बघायला आले होते, तेही मान हलवून "हाँ, यही ठीक है" म्हणाले. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं, पण पाठीवर एवढी महागाची वस्तू, हलणार कशी?

पण दोन्हींच्या भावात फार फरक होता. भाऊ खरं बोलला. म्हणाला, काम दोन्ही सारखंच करतात, आत फारसा फरक नाही, मोठ्याचे जे जास्त पैसे आहेत ते काचेचे. काकूंकडे अकरावाल्यापुरते पैसे होते. वरचा जो फरक होता, तेवढे माझ्या पिको मशीनचे साठले होते.

"वंदे," काकू माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "तुह्या मशीनचे पैसे माह्याजवळ आहेत. यात घालू? परत देईन. नाही म्हणाचं असन तर आत्ताच म्हण."

समोर आरसा, आरशात भाऊ, म्हातारे गृहस्थ, आणखी दोघी-तिघी. माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

"नाही म्हटलं नाही," काकू म्हणाल्या. "भाऊ, बाँध दो. और ऊपर का अस्तर फ्री देना." अस्तर म्हणजे टॅबचं कव्हर. तेवढं मात्र त्यांनी फुकट मिळवलं.

ऑटोत मी रडले. काकूंनी थोडा वेळ रडू दिलं.

"आता रडून राहिली कावून? तिथं तोंड उघडलं असतं तर छोटा घेतला असता. माह्या गळ्याची शपथ."

मी नाक पुसलं.

"पैसे देईन तुले. पण मी नाही देणार, गिऱ्हाईक देईन. टॅबवरचं डिझाइन शिवलं तर शिलाईवर पन्नास जास्त. ते मागाचे तू. तू मागशीन ते तुह्ये, मी मागीन ते माह्ये. असं फिटेपर्यंत."

"काकू, मले नाही जमणार."

"मंग नाही फिटणार," म्हणाल्या, आणि टॅब मांडीवर घेऊन बाहेर बघायला लागल्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं. काकूंनी मला पडद्यामागून ओढून काढलं. त्या बाईने टॅबवरचं डिझाइन पसंत केलं, माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पानी लेंगे?" पाणी आणून दिलं. काकूंनी शांतपणे तिच्याकडून पन्नास मागून घेतले. दुसरीलाही मी पाणी दिलं. तिसरीला दिलं तेव्हा काकू म्हणाल्या, "वंदे, अशानं बायांची पोटं फुगतीन आन मापं पुन्हा घ्या लागतीन."

मला रात्रंदिवस मशीन दिसायचं आणि ते दुसऱ्याच्या घरात दिसायचं.

मग एक दिवस काकूंच्या बोटाला कात्री लागली होती, म्हणून टॅब धरायचं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, त्याच्या पाठीमागे मी. दोन्ही हातांनी टॅब उचलून त्याच्या खांद्याशेजारी आरशात दिसेल असा धरला, तर माझं तोंड पुरतं टॅबमागे गेलं. आरशात नुसता टॅब आणि त्याखाली माझी साडी. मला कोणी बघत नव्हतं. समोर फक्त एक पाठ होती, आणि पाठीला डोळे नसतात.

"डिज़ाइन के पचास रुपये अलग," मी म्हणाले.

बाई दचकल्या. "कौन बोला?"

"टॅब बोला," काकू म्हणाल्या, आणि तोंडात पदर कोंबून आत पळाल्या.

पन्नास मिळाले. ते माझे पहिले.

त्या संध्याकाळी काकांनी पुन्हा विषय काढला, एवढे पैसे काचेत घालायचे होते का म्हणून. काकू म्हणाल्या, "अकरावाला घेतला असता तर पोरीचं कपाळ वरतून दिसलं असतं आन हनुवटी खालून. बोललीच नसती ती." काकांना काही समजलं नाही. त्यांना त्यावर क्रिकेट बघायचं होतं, आणि काकू त्यांना हात लावू देत नव्हत्या. "तिथं पाठ आहे," म्हणायच्या.

पुढे पुढे काकू खोड्या काढायला लागल्या. मी टॅबआड श्वास घेत असायची, तेवढ्यात त्या कोपऱ्यातून ओरडायच्या, "पचास अलग, दीदी!" आणि माझ्याकडे बघून जीभ दाखवायच्या. "गेले तुह्ये." मग मी घाई करायला लागले. आधी पाठीशी बोलायचे, मग आरशाशी, मग एक-दोनदा टॅब हनुवटीपर्यंत खाली आला तरी बोलणं थांबलं नाही. एकीने भाव पाडायला बघितलं तेव्हा मी म्हणाले, "दीदी, इसमें कंधे भी दिखते हैं." हे कुठून आलं, मलाच कळलं नाही. काकूंनी माझे पैसे हुकांच्या डब्यात वेगळे ठेवले होते. कधी डबा हलवून आवाज ऐकवायच्या. नोटांचा आवाज होत नाही, हूकच वाजायचे, पण मला बरं वाटायचं.

मग काका रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं ठरलं आणि दोघं तुमसरकडे, गावच्या घरी जायला निघाले. ट्रक आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया गोळा झाल्या होत्या. हॉटेलवाल्या भाभी रडत होत्या, त्यांनी काकूंना तीच शाल दिली. काकू ट्रकच्या पुढच्या सीटवर चढल्या, मांडीवर टॅब, गळ्यात टेप. ड्रायव्हर म्हणाला, "माँजी, यह पीछे रख दूँ?" काकू म्हणाल्या, "पीछे क्यों? देखो, बराबर गोद के नाप का है." ट्रक वळला तरी त्यांचा आवाज येत होता. त्यानंतर दुकानाची ती खोली रिकामी बघवली नाही. आता माझं पिकोचं मशीन माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. मधल्या दारावर मी पडदा लावलेला नाही. बाया येतात, बोलतात, मीही बोलते. मोठा टॅब घ्यावा का असं कोणी विचारलं तर विचारते, कशासाठी पाहिजे? नुसतं बघायचं असेल तर छोटा पुरतो.

पण ट्रक यायच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सामान बांधून झालं होतं. काकूंनी हुकांचा डबा उघडून माझे पैसे माझ्यासमोर ठेवले. बेरीज केली तर पन्नास कमी.

काका म्हणाले, "अवं, देऊन टाक ना पन्नास."

"मी कावून देऊ? गिऱ्हाईकानं देल्ले पाहिजे. तसंच ठरलं हाय."

दिवसभर गिऱ्हाईक आलं नाही. बांधलेल्या दुकानात कोण येणार? चार वाजता काकूंनी टॅब काढला, माझ्या हातात दिला आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. इतकी वर्षं सगळ्या गावाचे गळे त्यांनी खोल केले, स्वतः मात्र कायम साधा, बंद पाठीचा ब्लाउज घालत. "लाव," म्हणाल्या. "पानाच्या आकाराचा गळा लाव. मी गावाले गेल्यावर शिवून पाठवजो."

मी टॅब पाठीला लावला. पान छान बसलं, खांद्यापासून खांद्यापर्यंत. मग टॅब खाली ठेवला, फिरून त्यांच्यासमोर आले आणि तोंडाकडे बघून म्हणाले, "काकू, डिझाइनचे पन्नास वेगळे."

"माह्याजवळून बी घेशीन? एवढं शिकवलं तुले. लाज नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणाले. "पन्नास द्या."

काकू इतक्या हसल्या की गळ्यातला टेप घरंगळून खाली पडला. तो पडलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मग डोळे पुसून त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि नोट माझ्या हातावर ठेवली.

"फिटले?"

"फिटले."

"मोजून घे."

एकच नोट होती. तरी मी मोजली.