गवतात उगवलेली खूण

चेहऱ्यावरचे डाग घालवण्यात पेन्सिलकाकांचा हात धरणारा कोणी नव्हता. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खालून दिवा असलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवून ते टोकदार पेन्सिलीने मुरूम, व्रण, सुरकुत्या बुजवत. निगेटिव्हवर डाग फिकट दिसतो. तो पेन्सिलीने भरला की फोटोत नाहीसा. एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी एका गृहस्थाची खळीही बुजवली. गृहस्थ भांडायला आला, तेव्हा खळीशिवाय तो किती रुबाबदार दिसतो हे काकांनी त्यालाच पटवून दिलं.

असा माणूस स्वतःच्या बायकोला कसा सोडेल? काकूंच्या डाव्या डोळ्याखाली बोटाच्या पेराएवढी काळसर जन्मखूण होती. लग्नानंतरच्या पहिल्याच फोटोतून काकांनी ती अशी काही उडवली की मागमूस राहिला नाही. मोठ्या कौतुकाने त्यांनी फोटो बायकोच्या हातात दिला.

"छान आहे की! कोण ही?" काकू म्हणाल्या, आणि फोटो कपाटाच्या तळाशी गेला. काका हसले. बिचाऱ्यांना वाटलं, थट्टा केली. पुढे कॅमेरा दिसला की काकूंना स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचंच. म्हणून त्यांची निगेटिव्ह उरली ती एवढी एकच.

त्यांची लेक कॉलेजात चित्रकला शिकवते. यंदा तिने गवताचे फोटो करायचं डोक्यात घेतलं. गोणपाटावर ओली माती थापून गवताचं बी पेरायचं आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर प्रोजेक्टरने निगेटिव्ह पाडायची. उजेड पडेल तिथे गवत हिरवं होतं, नाही तिथे पिवळट राहतं, आणि हळूहळू चेहरा उगवतो. प्रदर्शनासाठी तिला आईचाच चेहरा हवा होता.

"आई, तुझा तो लग्नानंतरचा फोटो घेऊ?"

"तो माझा नाही," काकू म्हणाल्या. "कोणाचा आहे ते तुझ्या बाबांना विचार."

आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. काकांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपण हिला भेट दिली नव्हती, हिला नापास केलं होतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं.

त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. काकू बाजारात गेल्यावर निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि टर्पेंटाइनचा बोळा घेतला. पेन्सिल पुसली जाते, पण हात जरा जड झाला तर खालचा चेहराही खरवडला जातो, आणि मग तो कायमचाच गेला. जन्मभर डाग बुजवणारा माणूस जीव मुठीत धरून एक डाग परत आणत होता. काळं शिसं बोळ्यावर उतरत गेलं. डोळ्याखाली फिकट ठिपका उघडा पडला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

निगेटिव्ह लेकीच्या हवाली झाली. गवत उगवेपर्यंत काकांनी तिचं डोकं खाल्लं. "बाबा, गवत आहे ते. डोळे वटारून बघितलं म्हणून भराभर वाढत नाही!" असं म्हणून तिने त्यांना खोलीबाहेर काढलं.

प्रदर्शनाच्या सकाळी काकू आल्या त्या लेकीच्या भिडेखातर. भिंतभर गवतात तरुणपणचा चेहरा होता. कपाळ आणि गाल पिवळसर, केस गर्द हिरवे. आणि डाव्या डोळ्याखाली हिरव्या पात्यांचा एक दाट झुबका.

काकू जवळ गेल्या. एक बोट त्या झुबक्यावर ठेवलं, तेच बोट स्वतःच्या गालावर ठेवलं.

"हे तुम्ही केलंत?"

"मी काही केलं नाही," काका पुटपुटले. "केलेलं पुसलं फक्त. चुकलंच माझं तेव्हा."

लेक हळूच म्हणाली, "आई, इथल्या उजेडात हे फार दिवस टिकणार नाही. सगळंच हिरवं होऊन जाईल."

"मग उभे काय राहिलात?" काकू नवऱ्याकडे वळल्या. "कॅमेरा आणलाय ना? काढा आमचा दोघींचा. आणि घरी गेल्यावर त्याला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

गवतातल्या स्वतःशेजारी त्या उभ्या राहिल्या, डावा गाल पुढे करून. काकांचे डोळे भरून आले आणि हात हलला. फोटो जरा पुसटच आला, पण तो भिंतीवर लावायला खिळा काकूंनी स्वतः ठोकला.